शेंदराखालचं लोखंड

म्हातारपणी जीवरामनाना पुलावरून जात नसत. धरणगावच्या बाजाराला निघाले की पुलाच्या अलीकडेच रस्ता सोडायचे, वहाणा हातात घ्यायचे, धोतर गुडघ्याच्या वर खोचायचे आणि नदीतून चालत पलीकडे जायचे. नदीला पाणी चढलेलं असलं तर त्या दिवशी बाजारच नाही. परगावची माणसं बघून हसायची. आम्ही गाववाले हसत नव्हतो, कारण त्या लाजेत आमचाही वाटा होता. आणि हा माणूस उभा जन्म त्याच पुलाचा मुकादम होता.

पूल बांधला तेव्हा ते नाना नव्हते, नुसते जीवराम होते. धुळ्याहून आलेल्या टोळीबरोबर आलेला एक विशीतला, दंडाचा जोर दाखवत फिरणारा गडी. त्या काळचे लोखंडी पूल रिबिटांनी शिवलेले असत. भात्यावर लालबुंद केलेलं रिबिट सांडशीने उचलायचं, दोन पत्र्यांच्या भोकातून आरपार घालायचं, एकाने मागून दाबून धरायचं आणि दुसऱ्याने पुढून हातोडा हाणून त्याचं डोकं बसवायचं. हे सगळं रिबिट लाल आहे तोवर. थंड पडलं की ते नीट बसत नाही, कितीही ठोका.

जीवराम ठोकणारा. टोळीत त्याच्याइतका हात कुणाचा चालत नव्हता, आणि हे तो कुणाला विसरूही देत नव्हता. पुलाच्या गावाकडच्या टोकाला, कठड्यासारखा उभा असलेला गर्डर जिथे जोडला आहे, तिथल्या शेवटच्या जोडावर तो काम करत होता. दिवस मावळायला आला होता. पैज लागली होती, आजच जोड पुरा करतो म्हणून. एक रिबिट भोकात तिरपं अडकलं. ते काढून दुसरं तापवायला हवं होतं. जीवरामने न काढता तसंच हाणलं. रिबिट काळं पडलं होतं. त्याचं डोकं चिरलं.

सकाळी तपासनीस येणार होता. चिरलेलं डोकं म्हणजे सगळ्या टोळीसमोर छिन्नीने ते रिबिट कापायचं आणि बोलणी खायची. जीवरामने चिरेत काचा बसवायचं पुटीन भरलं आणि वरून शेंदूर फासला. गंज धरू नये म्हणून लोखंडाला पहिला हात शेंदराचाच देतात. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर, मारुतीला लावतात तोच. सकाळी लवकर येऊन गुपचूप रिबिट बदलू, असा त्याचा विचार होता. तेवढा तरी प्रामाणिकपणा होता त्याच्याकडे.

पण त्याच्या आधी भागाबाई आली. भागाबाई पुलाच्या कामावर डोक्यावरून खडी वाहायची. तिची दोन मुलं अंगावर पिती असतानाच गेली होती आणि तिसऱ्या वेळी ती पोटुशी होती. पहाटे कामावर येताना तिला दिसलं, अजून रंग न लागलेल्या सगळ्या काळ्या लोखंडावर एकच शेंदरी ठिपका. काल नव्हता, आज आहे. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, कुंपणावरचं कन्हेरीचं फूल तोडून आणलं आणि ठिपक्यापाशी ठेवलं.

"आठे देवी निंघनी वं माय!" ती ओरडली.

जीवराम छिन्नी घेऊन पोचला तेव्हा बायका ओळीने डोकं टेकत होत्या. तपासनीस आला. त्याने बाकी सगळी रिबिटं वाजवून पाहिली आणि त्या ठिपक्यापाशी आल्यावर पायातले बूट काढून हात जोडले. जीवरामला तेव्हा हसू आलं होतं. हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. आयुष्यातलं ते एक हसू मला परत देता आलं तर बरं होईल, असं नाना म्हणायचे.

भागाबाईला मुलगा झाला आणि तो जगला. त्याचं नाव पुना. मग काय विचारता! ठिपक्याची पूलमाय झाली. टोळी पुढच्या कामावर गेली, जीवराम इथेच राहिला. गावातल्या यशोदाबाईशी त्याचं लग्न झालं आणि पूल राखायचं काम त्याला मिळालं. दरवर्षी पाऊस सरला की पुलाचं एकेक रिबिट हातोडीने वाजवायचं. घट्ट असेल तर खणखणीत वाजतं, सैल असेल तर बद्द. कान देऊन नाना सांगायचे, हे चांगलं, हे गेलं. त्यांचा शब्द कुणी मोडत नव्हतं, आणि त्यांनाही त्या मानाची चटक लागली होती. फक्त एका जागी हातोडी कधीच पडली नाही. देवीच्या डोक्यात हातोडी कोण घालणार?

आम्ही लोकांनी तर काही बाकी ठेवलं नाही. दर अमावास्येला तिथे नारळ फुटायचे. नारळाचं पाणी जोडात शिरायचं. दहीभात, लिंबू, मिठाचे खडे, जे कुणाकुणावरून उतरून टाकायचं ते सगळं तिथेच. त्याच्यावर तेल, तेलावर शेंदूर, शेंदरावर पुन्हा तेल. वर्षामागून वर्षं गेली आणि ठिपक्याचा मोठा गोळा झाला. खाली काय चाललं आहे ते लोखंडाला ठाऊक आणि नानांना ठाऊक. खाऱ्या, आंबट पाण्याने लोखंडाचं काय होतं ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तेसुद्धा रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी तिथे हात जोडायचे. न जोडले तर लोक विचारतील म्हणून. भागाबाई शेजारी उभी राहून म्हणायची, "जीवराम, आपली दोन्हीसनीच हाई जुनी वळख शे देवीसंगे." त्या वेळी जमीन दुभंगावी असं व्हायचं, असं ते सांगत.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. जळगावहून टिपणीस नावाचे नवे ओव्हरसियर आले. अंगाने किरकोळ, बोलायला मऊ. त्यांच्याजवळ घोड्याच्या नालेसारखा एक लोहचुंबक होता आणि तो अडकवलेला एक स्प्रिंगचा काटा. रंग न खरवडता, लोखंड न फोडता आतली प्रकृती कळते, असं त्यांचं म्हणणं. चुंबक रंगावर चिकटवायचा आणि काट्याने ओढून सोडवायचा. खाली जाड, निरोगी लोखंड असेल तर तो सहजासहजी सुटत नाही. आत गंजाने पत्रा खाल्ला असेल तर ओढ कमी भरते. आमच्या गावाला कामधंदा सोडून बघत बसायला निमित्तच हवं असतं. अर्धं गाव पुलावर जमलं, त्यात मीही होतो.

नाना हातोडी घेऊन मागे मागे चालत होते. साहेबांनी चुंबक लावला की खट्ट आवाज यायचा, काटा ताणला जायचा. साहेब जिथे "इथे जरा कमी" म्हणायचे, तिथे नाना हातोडी मारायचे आणि मान डोलवायचे. दोघांचं छान जमलं होतं. नानांच्या चेहऱ्यावर मात्र घाम होता, आणि ऊन फारसं नव्हतं.

शेवटी साहेब पूलमायपाशी आले. चप्पल काढली, नमस्कार केला, भागाबाईला विचारलं, "आजी, नुसता टेकवतो, चालेल ना?" भागाबाई आता पाठीत वाकली होती. ती म्हणाली, "टेकाड बेटा. माय काय खाई नही जात."

साहेबांनी चुंबक टेकवला. तो चिकटला नाही. त्यांनी बाजूला सरकवून पुन्हा टेकवला. हात काढताच चुंबक निसटला आणि खणकन खाली पडला.

मग पुनाच ओरडला. तो आता नानांच्याच हाताखाली काम करायचा, घणाचा गडी. "देवीनी साहेबनं लोखंड झटकी टाकं!"

झालं! बायका जमिनीला डोकं टेकू लागल्या. कुणी नारळ आणायला पळालं. सगळ्या पुलाला चिकटणारा चुंबक देवीला शिवू शकत नाही, याहून मोठी साक्ष कोणती? मीही हात जोडले. माझ्या अंगावर काटाही आला होता, खोटं कशाला सांगू.

टिपणीस साहेब गोंधळले. "अहो, थर जाड आहे. खाली लोखंड आहे की नाही तेच कळत नाहीये. थोडं खरवडून..." एवढं बोलले तर गर्दीतून असा काही गुरगुराट उठला की त्यांनी हात मागे घेतला. मग ते नानांकडे वळले. "मुकादम, तुम्ही या पुलाचे सगळ्यात जुने जाणकार. तुम्ही सांगा. इथे आत चांगलं आहे का?"

नानांनी भागाबाईकडे पाहिलं. पुनाकडे पाहिलं. यशोदाबाई पदर पसरून उभी होती तिच्याकडे पाहिलं.

"चांगलं शे साहेब," नाना म्हणाले. "मना हातखालनी जागा शे ती."

साहेबांनी मान हलवली. माणूस सरळ होता, त्याने विश्वास ठेवला. वरच्यांना विचारून पुन्हा येतो म्हणाले आणि गेले. नाना सांगायचे की रिबिट झाकलं ते तरण्या पोराचं पाप होतं. पण त्या दिवशी "चांगलं शे" म्हटलं ते पिकल्या केसांच्या माणसाचं होतं, आणि त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती.

चमत्काराची बातमी जळगाव, पाचोरा, पार धुळ्यापर्यंत गेली. पुढच्या अमावास्येला पुलावर जत्रा भरायची ठरली. नानांनी एका दुपारी, पुलावर चिटपाखरू नसताना, शेंदराच्या कडेला हातोडी हळूच टेकवून पाहिली. आवाज आलाच नाही. मातीच्या भिंतीवर थापटल्यासारखं झालं. नाना घरी गेले आणि जेवायला बसले. घास तोंडातच फिरत राहिला. यशोदाबाईने विचारलं तर म्हणाले, दाढ दुखते.

तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, ताईबाईचा, सासरहून निरोप आला. तिला लग्नानंतर फार वर्षांनी मुलगा झाला होता. पूलमायचा चमत्कार ऐकून तिच्या सासूने नवस धरला होता, पोराचं जाऊळ पुलावर देवीपुढेच काढायचं. सासरची सगळी माणसं गाड्या जुंपून येणार होती. यशोदाबाईला आनंद किती आणि काय! नानांनी तिला म्हटलं, जाऊळ घरी काढू, पुलावर गर्दी असते. ती म्हणाली, "तुम्हनं डोकं फिरनं का? देवीले सोडीसन घर?" नाना गप्प बसले. आणखी एकदा गप्प बसले.

अमावास्येचा दिवस उजाडला. कपाशीचा हंगाम होता. धरणगावला सरकी काढायच्या जिनाकडे निघालेल्या भरल्या गाड्याही पुलावर अडकून पडल्या होत्या, कारण गावाकडच्या टोकाला नुसती माणसंच माणसं. बैल, गाड्या, नारळांचे ढीग, आणि सगळा भार त्या एका टोकावर. ताईबाई पूलमायपुढे पाटावर बसली होती, पोर मांडीवर. न्हाव्याने वस्तरा पाणी लावून तयार ठेवला होता.

नाना गर्दीच्या कडेला उभे होते. मी त्यांच्या जवळच होतो. मागून आणखी एक कपाशीची गाडी पुलावर चढली आणि पायाखालचं लोखंड करकरलं. पुलाला असे आवाज असतातच, आम्हाला काही वाटलं नाही. नाना मात्र गर्दीत घुसले, माणसं ढकलत पुढे गेले.

"ताई, पोऱ्याले उचल. पूलवरथून खाले उतर."

"आबा, बाजूले व्हा ना," ताईबाई म्हणाली. "मुहूर्त टळी जाई."

"उतर म्हणस ना!"

असा आवाज त्यांच्या मुलीने कधी ऐकला नव्हता. ती पोराला छातीशी धरून उठली. लोक नानांना धरायला पुढे झाले. भागाबाई देवीपुढे आडवी बसली होती. नाना तिच्यासमोर वाकले, तिला दोन्ही खांद्यांना धरून हळूच बाजूला केलं आणि कमरेची हातोडी उपसली.

पुनाने त्यांचा हात पकडला. "नाना, कोणले मारी राह्यनात तुम्ही?"

"माले," नाना म्हणाले. "सोड."

पुनाने का कोण जाणे, हात सोडला. नानांनी हातोडी हाणली. शेंदराची ढलपी निघाली. दुसरा घाव घातला आणि हातोडी आत गेली, दांड्यापर्यंत. ती बाहेर ओढली तेव्हा तिच्याबरोबर काळपट तांबडा चुरा आला, पापुद्रे सुटलेला, ओला. नानांनी भोकात हात घातला. मनगटापर्यंत गेला. मूठ बाहेर काढून त्यांनी सगळ्यांपुढे उघडली. गंज होता, नारळाची शेंडी होती, कुजलेला भात होता. लोखंड नव्हतं.

"आठे देवी नही," ते म्हणाले. "आठे मनी चूक शे. फुटेल रिबिट व्हतं. मीच झाकेल शे."

कुणी हात उचलला नाही. उचलला असता तर नानांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. पुनानेच मग बैलांना मागे वळवायला सुरुवात केली. एकेक गाडी, एकेक माणूस पुलावरून उतरलं. आम्ही आपापल्या नारळांकडे पाहत होतो. ते परत घरी कसे न्यायचे हा प्रश्न होता, कारण ते लोखंड नुसत्या नानांनी खाल्लं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून दर अमावास्येला ते गंजाला खाऊ घातलं होतं. भागाबाई एकटीच पुलावर बसून राहिली. पुनाने तिला उचलून नेलं.

टिपणीस साहेब आले, पूल बंद झाला, कुजलेला पत्रा कापून काढला. त्या पत्र्याच्या मागच्या बाजूला नुसता रंग तेवढा शाबूत होता. रंगाआड जाडी उरली नव्हती. आणखी थोड्या दिवसांत काय झालं असतं ते साहेबांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. नानांनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि वर कळवलं एवढंच, की मुकादमाने वेळीच धोका दाखवून दिला. वरून नानांसाठी शाबासकी आणि जरीकाठी पागोटं आलं. यशोदाबाईने ते पेटीत ठेवलं. नानांनी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. त्यापेक्षा कामावरून काढून टाकलं असतं तर जगणं सोपं गेलं असतं, असं ते म्हणत.

नवा पत्रा बसवायचं काम पुनाने केलं. नानांनी हातोड्याला हात लावला नाही, नुसते उभे राहिले. प्रत्येक रिबिट लाल असतानाच बसलं. मग पहिला हात शेंदराचा दिला. करड्या रंगाचा हात त्याच्यावर दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, शेंदूर वाळल्यावर.

तेवढ्या वेळासाठी नाना तिथे जाऊन बसले. नव्या जोडापुढे, त्याच्याकडे पाठ करून. कुणी विचारलं तर म्हणाले, ओला आहे, हात लागू नये. खरं कारण आम्हाला कळत होतं. करड्या पुलावर पुन्हा एकच शेंदरी जागा उठून दिसत होती आणि ती त्यांना एकटी सोडायची नव्हती. उजाडलं तेव्हा मी शेतावर निघालो होतो. पुलाच्या तोंडाशीच मला थबकावं लागलं.

पलीकडून भागाबाई येत होती. काठी टेकत, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या वाटेने. मधल्या दिवसांत ती कुणाशी बोलली नव्हती. तिच्या हातात कन्हेरीचं फूल होतं. जोडापाशी येऊन ती थांबली. फूल धरलेला हात सवयीने पुढे झाला आणि समोर नाना बसलेले दिसल्यावर तिथेच अडला.

नानांनी मान खाली घातली. ती ओरडेल, शिव्या देईल, निदान थुंकेल, असं मला वाटलं. त्यांनाही तेच वाटलं असावं, कारण ते सावरून बसले.

भागाबाईने फुलाकडे पाहिलं. मग नानांकडे.

"आते तूच सांग, जीवराम," ती म्हणाली. "हाई फूल कोठे ठेवू?"

नाना जोडापुढून हलले नाहीत. ती फूल हातात धरून उभी होती.